छायाचित्रात न आलेला माल

वाशिमच्या अलीकडे, अकोला–पूर्णा लोहमार्गावरील एका फाटकापाशी आम्ही चौघे मित्र चैत्रातल्या एका सकाळी मालगाडीची वाट पाहत उभे होतो. जगभरचे रेल्वेप्रेमी मालगाड्या टिपण्यासाठी वाळवंटात जातात. तेथे आडोसा नसतो आणि इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सबंध गाडी एका चौकटीत मावते. वऱ्हाड हे वाळवंट नव्हे. पण रब्बीची पिके निघाली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, की येथली काळी जमीनही तशीच उघडी पडते. शिवाय या मार्गाचे वाळवंटाशी जुने नाते आहे. निजामाच्या राज्यात हिंगोलीपर्यंत आलेला हा मीटरगेज मार्ग स्वातंत्र्यानंतर वाशिम, अकोला असा खांडव्यापर्यंत नेण्यात आला आणि उत्तरेचे मीटरगेज जाळे दक्षिणेच्या जाळ्याशी सांधले गेले. २००८ साली पूर्णा–अकोला भागाचे रुंदीकरण पूर्ण होईपर्यंत राजस्थानच्या वाळूतून निघालेला डबा वाशिमवरून थेट दख्खनेत उतरू शकत असे.

गाडी आली. पन्नासाहून अधिक बंद वाघिणी होत्या. आम्ही भराभर छायाचित्रे घेतली. संध्याकाळी ती पाहत बसलो असता आमच्यातल्या इतिहास शिकवणाऱ्या मित्राने विचारले, “हिच्यात होतं काय?” कोणालाच सांगता येईना. वाघिणीचा क्रमांक, तिचे रिकामे वजन, तिची वहनक्षमता हे सारे चित्रात स्वच्छ वाचता येत होते. दरवाजे मात्र बंद होते. मालगाडीच्या छायाचित्रात माल तेवढा येत नाही, ही गोष्ट आमच्या ध्यानी प्रथम तेव्हा आली.

या छंदाचा इतिहास पाहिला तर ही आमची एकट्यांची चूक नव्हे. अमेरिकन छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक याने १९५५ पासून नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिने रात्री प्रखर दिव्यांच्या झोतात टिपली. त्याचे १९५६ चे ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ हे चित्र प्रसिद्ध आहे. उघड्यावरचे चित्रपटगृह, मोटारीत बसलेले जोडपे, पडद्यावर विमान आणि मागून धूर सोडत जाणारी मालगाडी असे ते दृश्य आहे. झोतामुळे पडद्यावरची प्रतिमा पुसली गेली, म्हणून ते विमान नंतर वेगळ्या चित्रातून आणून जोडावे लागले. प्रेक्षकाचे डोळे धुरावर आणि विमानावर खिळतात. ही रेल्वे मुख्यतः कोळसा वाहून जगली आणि तो कोळसा कोणीतरी खाणीत उतरून काढला, हे चित्र पाहताना आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मंगरूळपीरवरून कारंजा लाडला गेलो. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंदमापी लोहवाट याच गावावरून जाते. लोकांनी तिच्या गाडीला ‘शकुंतला’ हे नाव दिले. २०१० नंतरच्या दशकात ती थांबली. आम्ही गेलो तेव्हा रुळांत बाभळी माजल्या होत्या. गाडी नव्हती, म्हणून आम्ही तिची जुनी छायाचित्रे आठवू लागलो. आमच्या पाहण्यातल्या जवळजवळ प्रत्येक चित्रात मध्यभागी इंजिन आहे, दारात लोंबकळणारी माणसे आहेत, कंदील घेतलेला गार्ड आहे. कापसाची गठाण एकाही चित्रात नाही. आणि ही वाट बांधली गेली ती मुळात गठाणींसाठी.

ती हकीकत थोडी मागून सांगावी लागते. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. मुंबई–ठाणे गाडी सुरू झाली तीही त्याच वर्षी. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूसपेठेला फाटा जोडला गेला, त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या कारंजा, दारव्हा, यवतमाळ या पट्ट्यातला कापूस बैलगाड्यांनीच मूर्तिजापुराकडे जात राहिला. तो ओढण्यासाठी मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही ७६२ मिलिमीटर रुंदीची स्वस्त वाट तयार झाली. मूर्तिजापूरला छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत माल चढवावा लागे. दोन मापांमधले ते अंतर हमालांच्या पाठींनी भरून काढले.

पुढे भारतीय रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण या वाटेची मालकी कंपनीकडेच राहिली आणि गाडी चालवणारे सरकार तिला उत्पन्नातला वाटा देत राहिले. या एका विसंगतीमुळे शकुंतला वर्तमानपत्रांत गाजली आणि तिच्याविषयीची एक दंतकथाही पक्की झाली. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला नेण्यासाठी इंग्रजांनी ही गाडी काढली, असे सर्रास लिहिले जाते. आम्हीही वर्गात तसेच सांगत आलो.

माल कोठे गेला हा प्रश्न विचारला की ही कथा डळमळते. वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा होता. लँकेशायरने तो अडचणीत असताना घेतला. यादवी संपताच त्याने पुन्हा अमेरिकन लांब धाग्याकडे मोर्चा वळवला. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मुंबईच्या गिरण्या वाढल्या. १८९३ मध्ये टाटांच्या सहकार्याने जपानी कंपनीची मुंबई–कोबे जहाजवाहतूक सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, म्हणजे कारंज्याला गाडी आली त्याच काळात, हिंदी कापसाचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक जपान होता. कारंज्याची काही गठाण लँकेशायरला पोहोचलीही असेल. पण एकंदर ओघ मुंबई आणि कोबे यांच्याकडे होता.

मग मँचेस्टर आले कोठून? आमच्या मते त्याचे एक उत्तर छायाचित्रांत आहे. या मार्गावरचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झाले होते. १९२३ पासून धावलेले ते इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. सर्वांनी चित्रे काढली ती त्याची. इंजिनाच्या जन्मगावाला आपण मालाचे मुक्कामाचे गाव समजून बसलो. जे डोळ्यांना दिसले त्यावरून न दिसलेल्याचा इतिहास रचला गेला.

ही केवळ तपशिलाची चूक असती तर सोडून देता आली असती. पण मँचेस्टरची कथा फार सोयीची आहे. तिच्यात लुटणारा सातासमुद्रांपलीकडे असतो आणि गाडी थांबली की लूटही संपते. गठाणीचा माग काढला तर सरकी काढणारा जिनवाला, आगाऊ रक्कम देणारा सावकार, मुंबईचा दलाल, देशी गिरणी अशी आपलीच माणसे वाटेत भेटतात. लक्ष्मण सत्य यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवरील आपल्या ग्रंथात (१९९७) या दोहोंचा संबंध दाखवला आहे. १८९९–१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात आगगाडी होती, कापूस होता; ज्वारी विकत घ्यायला मजुराजवळ पैसा नव्हता. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली त्यांत वाशिम आणि यवतमाळ दोन्ही होते. तोवर वाफेचे इंजिन जाऊन बारा वर्षे झाली होती.

कालिदासाच्या शकुंतलेला राजा विसरला, आणि अंगठी सापडताच त्याला सारे आठवले. आपल्या शकुंतलेचे आपण विस्मरण होऊ दिले नाही. तिची चित्रे भिंतींवर आहेत, रुंदीकरणाच्या मागण्यांत तिचे नाव आहे. विसरलो ती गठाण.

परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा त्या फाटकापाशी थांबलो. मालगाडी गेली. या वेळी एकाने कॅमेरा खाली ठेवला आणि फाटकवाल्याला विचारले, “काय जातं हो हिच्यातून?” तो म्हणाला, “कधी खत येते, कधी धान्य जाते. आपल्याले कोन सांगते?” आम्ही त्याचे उत्तर तारखेसह वहीत लिहून घेतले आणि त्या दिवशीच्या छायाचित्रांबरोबर ठेवले.