कोल्हापूरचा विंगर आणि गाव बदलणारे संघ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे ठाकते, हे पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांना सांगावयास नको. त्या दगडफेकीचे कौतुक आम्ही करणार नाही; परंतु आपला काठ जन्मानेच ठरलेला असतो, ही भावना मात्र आम्हांस चांगलीच परिचित आहे. कोल्हापूरच्या फुटबॉलचे मूळ अशाच भावनेत आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही तेथील फुटबॉल संघांची नावे. कुस्तीच्या तालमींनी पेठापेठांतून फुटबॉल जोपासला, हे त्या नगराचे वैशिष्ट्य होय.

अनिकेत जाधव याचा जन्म १३ जुलै २००० रोजी या कोल्हापुरात झाला. पुढे तो पुणे एफसीच्या अकादमीत शिकला. २००७ साली स्थापन झालेला हा संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. २०१५ नंतर तो उरला नाही. अनिकेतचा पहिला आधार असा मागे नाहीसा झाला.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला. अनिकेत आघाडीच्या फळीत होता. भारत तिन्ही सामने हरला. पण त्याच २९ नोव्हेंबरला इंडियन ॲरोजच्या आय-लीगमधील पहिल्या सामन्यात अनिकेतने चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल केले आणि संघ ३-० असा जिंकला. २०१८ साली तो इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावास गेला. हा संघ २०१० पासून पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे. १९९५ चा इंग्लिश विजेता संघ २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि वर्षभरात वर आला. घसरला, पण १८७५ पासून आपल्या गावी आहे.

आपल्याकडे रीत निराळी. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचवणारे कोणी असेल तरच त्याच्या वेगाला अर्थ. २०१९ मध्ये अनिकेत जमशेदपूर एफसीत आला आणि त्याच ऑक्टोबरात हैदराबाद एफसीविरुद्ध त्याने गोल केला. हे हैदराबाद म्हणजे बंद पडलेल्या एफसी पुणे सिटीच्या जागी आलेला संघ! २०२१ मध्ये तो तिकडेच गेला. त्या हंगामात साखळीत पहिले आले ते त्याने सोडलेले जमशेदपूर. अंतिम विजेते मात्र, २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला, त्याचे हैदराबाद झाले. त्याच वर्षी इंडियन ॲरोज बंद करण्यात आले. अनिकेत पुढे ओडिशा एफसीत गेला, तोही २०१९ मध्ये दिल्लीहून भुवनेश्वरला हलवलेला संघ. आणि हैदराबादचा संघ २०२५ मध्ये दिल्लीस गेला.

खेळाडूचे चढउतार आपण त्याच्या पायांत शोधतो. आम्हांस वाटते, निम्मे तरी संघांच्या हिशेबवह्यांत शोधावे लागतील. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपली घरे तसूभरही न हलता आपण मध्य प्रदेशातच राहिलो. पायाखालची जमीन तीच, नकाशा मात्र दुसरा, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवले आहे. अनिकेतला तो अनुभव पंचविशीच्या आत अनेकदा आला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार मात्र आपापल्या जुन्याच नावाने उतरतात.