बूट कधी घालायचे?

मुंबईतल्या एका वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोहोचला. त्याचे उस्ताद येहुदा माओर. ही हकिकत मी वर्गात सांगितली, तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, त्या नाचात मुली बोटांच्या टोकावर उभ्या राहतात. तसले बूट आणले तर मलाही जमेल?" मुलं हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिसमध्ये 'ला सिल्फीड' या बॅलेत मारी ताग्लिओनी अशी टोकावर नाचली. तिच्याआधीही काहींनी ते केलं होतं, पण ती कसरत वाटे. मारीने त्याचा नाच केला. तिच्या पायात साटिनच्या मऊ सपाता होत्या, टोकाशी दोऱ्याने रफू केलेल्या. भार पेलत होते ते पायच. ते घडवले तिच्या वडिलांनी, फिलिप्पो ताग्लिओनींनी. रंगमंचावर येण्यापूर्वी व्हिएन्नात सहा महिने, रोज सुमारे सहा तास तालीम!

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडाचे आणि खळीचे थर देऊन टोक कडक केलेले बूट आले. फसगत इथेच होते. बूटच उभं करतील असं पालकांना वाटतं. खरं तर पाऊल, घोटा, पोट आणि पाठ यांत ताकद नसेल, तर घोटा मुरगळतो, वाढत्या हाडांना इजा होते.

म्हणून जाणते शिक्षक साधारण अकरा-बारा वर्षांआधी हे बूट देत नाहीत. आधी काही वर्षांची नियमित तालीम झालेली हवी. तरीही नुसतं वय पाहून भागत नाही. पाऊल पुरेसं ताणलं जातं का, एका पायावर चवडा उचलून तोल न जाता वारंवार उठता येतं का, गुडघा सरळ राहतो का, हे तपासतात. एकाच वर्गातल्या दोन मुलींना वेगवेगळी उत्तरं मिळतात, आणि त्यात कुणाचा अपमान नसतो.

आमच्या नांदेड-लातुरात पाचवीतल्या पोराला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला घालणारे पालक मी रोज पाहतो. त्याला अजून अपूर्णांक कळलेले नसतात. शेजारचा मुलगा जातो, म्हणून आपलाही.

त्या मुलीला मी सांगितलं, "बेटा, बूट नंतर. आधी एका पायावर उभी राहून दाखव." ती उभी राहिली, डगमगली, हसली आणि पुन्हा उभी राहिली.