बिनदाराचे गाव आणि वाट्याची लूट

१/११
नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरच्या जुन्या घरांना दाराची चौकट असते, दार नसते. शनैश्वराची शिळाही छपराविना, उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. येथे चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतात, या श्रद्धेवर गावाने पिढ्यान्‌पिढ्या उंबरे उघडे ठेवले. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने येथे ‘बिनकुलुपाची’ शाखा उघडली, तेव्हा तिची चर्चा देशभर झाली.

२/११
त्या चर्चेत एक तपशील मागे पडला. शाखेला काचेचे दार होते आणि नजरेस न पडणारे, दुरून चालणारे विद्युतचुंबकीय कुलूपही होते. बँकेने श्रद्धेचा मान राखला आणि ठेवीदारांच्या पैशाचा बंदोबस्तही केला. गावात २०१० नंतर चोरीच्या काही तक्रारी नोंदल्या गेल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये येथे पोलीस ठाणे आले.

३/११
पुढचा चोर उंबऱ्यावरून आलाच नाही. देवस्थानच्या नावाने ऑनलाइन पूजेचे पैसे गोळा करणाऱ्या बनावट अ‍ॅपप्रकरणी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या सायबर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. हा प्रकार फसवणुकीचा होता, खंडणीचा नव्हे. पण ओळखीच्या माणसांत टिकणारा विश्वास अनोळखी गर्दीत उघडा पडतो, हे त्यातून दिसले. संगणकविश्वातील खंडणीचा इतिहासही इथूनच सुरू होतो.

४/११
डिसेंबर १९८९. एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे २०,००० फ्लॉपी डिस्क टपालाने जगभर गेल्या. पाठवणारा होता जोसेफ पॉप हा जीवशास्त्रज्ञ. डिस्क वापरल्यावर काही काळाने संगणकातील फाइलींची नावे बदलली जात आणि पनामातील टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याचा हुकूम पडद्यावर उमटे. हे पहिले ज्ञात रॅन्समवेअर, म्हणजे विदा ओलीस धरून खंडणी मागणारी प्रणाली.

५/११
पॉपच्या युक्तीत दोन उणिवा होत्या : कुलूप कच्चे होते आणि पैसा घेताना माग लागत होता. १९९६ मध्ये अ‍ॅडम यंग आणि मोती युंग या संशोधकांनी दाखवून दिले की, लावायची किल्ली आणि उघडायची किल्ली वेगळी ठेवली तर पीडिताला सुटका नाही. २००९ मध्ये बिटकॉइन आले आणि दुसरी उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली. २०१३ च्या ‘क्रिप्टोलॉकर’ने दोन्ही धागे एकत्र विणले.

६/११
मग लूट हा व्यवसाय झाला. २०१५ मध्ये ‘टॉक्स’ने तयार रॅन्समवेअर कोणालाही फुकट देऊ केले. अट एकच, खंडणीतील २० टक्के वाटा. यालाच ‘रॅन्समवेअर अ‍ॅज अ सर्व्हिस’ म्हणतात. एक जण हत्यार घडवतो, दुसरा चोरलेले पासवर्ड विकतो, तिसरा हल्ला करतो. पुढे ‘लॉकबिट’मध्येही साधारण ८० टक्के हल्लेखोराला आणि २० टक्के टोळीला, असा हिशेब असे. चोराला आता कारागीर असण्याची गरज उरली नाही.

७/११
मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला ही रचना अपरिचित वाटणार नाही. लष्करासोबत फिरणाऱ्या पेंढाऱ्यांना पगार नसे. लुटीच्या परवानगीबद्दल ते ‘पालपट्टी’ भरत आणि आश्रयदात्यांवरून ‘शिंदेशाही’, ‘होळकरशाही’ म्हणवले जात. नाव एकाचे, घोडा दुसऱ्याचा, वाटा दोघांचा. १८१७-१८ च्या इंग्रजांच्या मोहिमेत आश्रय तुटला, तेव्हाच त्या टोळ्या मोडल्या.

८/११
महाराष्ट्राने संगणकीय खंडणीचे घाव सोसले आहेत. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि राज्यभरातील कार्यालयांचे काम अडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलला फटका बसला. जुलै २०२४ मध्ये ‘सी-एज’ या तंत्रसेवा कंपनीवर हल्ला झाला आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबले. त्यांत सहकारी बँकाही होत्या. चूक एका जागी, ताटकळले मात्र खेड्यापाड्यांतील खातेदार.

९/११
खंडणी भरली तर सुटका होते का? फेब्रुवारी २०२४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी ‘ऑपरेशन क्रोनोस’मध्ये लॉकबिटची यंत्रणा ताब्यात घेतली. पैसे भरलेल्यांचीही विदा तिथे तशीच जपून ठेवलेली सापडली. २०१९ पासून टोळ्या विदा कुलूपबंद करण्याआधी तिची प्रत चोरतात आणि ती उघड करण्याची धमकी देतात. लुटारूचा शब्द हे तारण नव्हे.

१०/११
म्हणून बंदोबस्त आधी हवा. महत्त्वाच्या विदेच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतील एक अन्यत्र. किमान एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली असावी. त्या प्रतीवरून काम पुन्हा उभे राहते का, हे अधूनमधून तपासावे. प्रणाली अद्ययावत ठेवाव्यात, पासवर्डला ओटीपीसारख्या दुसऱ्या पडताळणीची जोड द्यावी, कामापुरतेच अधिकार द्यावेत. हल्ला झाल्यास यंत्र नेटवर्कपासून तोडावे, पुरावा पुसू नये आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. संस्थांनी सर्ट-इनला सहा तासांच्या आत कळवणे २०२२ पासून बंधनकारक आहे. ‘नो मोअर रॅन्सम’ या २०१६ च्या उपक्रमात काही जुन्या कुलुपांच्या किल्ल्या मोफत मिळतात. मात्र प्रत चोरीला गेलेली विदा कोणतीही किल्ली परत आणत नाही. तिथे चोराला आत येऊ न देणे हाच उपाय.

११/११
शिंगणापूरच्या उघड्या चौकटीमागे शेजाऱ्याची ओळख आणि शनीचा धाक, दोन्ही होते. संगणकाच्या जाळ्यात शेजारी अनोळखी आहे आणि चोराला कोणाचाच धाक नाही. त्या गावात शाखा उघडणाऱ्या बँकेला हा फरक कळला होता : दर्शनी दार श्रद्धेसारखे पारदर्शक ठेवले, तरी कुलूप लावायला ती विसरली नाही.