मळ घेणारी माती
मुलतानी माती आपण चेहऱ्याला लावतो. युरोपात लोकरीतला तेलकटपणा काढायला तशीच माती वापरत. मला नवल वाटते ते पुढच्या प्रवासाचे. यूजीन हूद्री यांच्या पद्धतीने १९३७ मध्ये अमेरिकेतील मार्कस हुक येथे आम्लाने संस्कारित मातीवर खनिज तेलाचे जड रेणू तोडले जाऊ लागले.

अशीच माती बेंझीन, टोल्युइन, झायलीनही शुद्ध करते. त्यांतली किंचितशी ऑलेफिन्स तिच्या संपर्कात इतर रेणूंशी जोडली जाऊन जड होतात. मग ती ऊर्ध्वपातनाने वेगळी निघतात. या झायलीनपासून पुढे पॉलिएस्टरचे कापड बनते. माती मात्र हळूहळू निकामी होते आणि टाकावी लागते. जास्त टिकणारे झिओलाइट पुढे आले ते म्हणूनच.

स्वच्छतेचा हिशेब मांडताना, मळ शेवटी कुठे गेला हेही विचारावे, असे मला वाटते.