मोटारीची दूरनियंत्रक किल्ली

मोटारीची दूरनियंत्रक किल्ली हे मोटारीची दारे दुरून उघडणारे व बंद करणारे, तसेच बहुतेक आधुनिक मोटारींमध्ये इंजिन सुरू होण्यास अनुमती देणारे हातात मावणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. बोलीभाषेत तिला ‘रिमोट चावी’ किंवा नुसते ‘रिमोट’ म्हणतात. खिशातून बाहेर न काढताही काम करणारा तिचा प्रकार ‘स्मार्ट की’ या नावाने ओळखला जातो. अशी किल्ली हरवल्यास किंवा बिघडल्यास नवी किल्ली मिळवणे हे साध्या किल्लीची नक्कल करून घेण्यापेक्षा बरेच गुंतागुंतीचे व खर्चिक असते, कारण नव्या किल्लीची ओळख मोटारीतील नियंत्रकाला करून द्यावी लागते.

रचना

वरकरणी एकच वस्तू दिसत असली तरी या किल्लीत तीन स्वतंत्र साधने असतात. पहिले म्हणजे कुलपात फिरणारे धातूचे पाते. दुसरे म्हणजे बटण दाबल्यावर संदेश पाठवणारा रेडिओ प्रक्षेपक. भारतात व युरोपात तो साधारणपणे ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ, तर उत्तर अमेरिका व जपानमध्ये ३१५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो. तिसरे साधन म्हणजे ट्रान्सपाँडर ही इवलीशी चिप.

ट्रान्सपाँडरला स्वतःची बॅटरी लागत नाही. किल्ली फिरवण्याच्या जागेभोवती किंवा इंजिन सुरू करण्याच्या बटणाजवळ तारेचे वेटोळे असते. त्यातून निघणाऱ्या सुमारे १२५ किलोहर्ट्‌झच्या चुंबकीय क्षेत्रातून चिप ऊर्जा घेते आणि आपली ओळख पटवते. ओळख पटली नाही तर इमोबिलायझर, म्हणजेच चलनरोधक यंत्रणा, इंधनपुरवठा किंवा प्रज्वलन रोखून धरते. मारुती सुझुकीच्या मोटारींवर दिसणारे ‘आयकॅट्स’ हे नाव याच प्रकारच्या यंत्रणेचे आहे.

ही तीन साधने एकमेकांवर फारशी अवलंबून नसल्याने त्यांचे बिघाडही वेगवेगळे असतात. दार दुरून उघडत नाही पण इंजिन सुरू होते, अशा वेळी दोष बहुधा बॅटरीत किंवा प्रक्षेपकात असतो. दार उघडते पण इंजिन सुरू होत नाही आणि दर्शकपटलावर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकते, तर संशय ट्रान्सपाँडरवर घ्यावा लागतो.

इतिहास

दूरनियंत्रित कुलूप असलेली पहिली मोटार म्हणून १९८२ मधील रेनॉ फ्यूगो या फ्रेंच मोटारीचा उल्लेख केला जातो. या यंत्रणेचे जनक पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून फ्रेंच भाषेत अशा किल्लीला ‘प्लिप’ हा शब्द रूढ झाला. १९८६ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेटच्या किल्लीत एक विद्युतरोधक बसवण्यात आला. त्याची पंधरा संभाव्य मूल्ये होती आणि मोटार योग्य मूल्य असलेल्या किल्लीनेच सुरू होई. पंधरा हा आकडा आज हास्यास्पद वाटतो, पण चुकीच्या किल्लीनंतर यंत्रणा काही मिनिटे बंद राहत असल्याने चोराचा वेळ मात्र जाई.

ट्रान्सपाँडरवर आधारित इमोबिलायझर १९९० च्या दशकात पसरले. युरोपीय संघात नव्या मोटारींसाठी ते १९९८ पासून, तर कॅनडात २००७ पासून अनिवार्य झाले. अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. तिचा परिणाम तेथे २०२१ नंतर ठळकपणे दिसला. ह्युंदाई व किया यांच्या इमोबिलायझर नसलेल्या अनेक मोटारी सुकाणूखालचे आवरण काढून, यूएसबी तारेच्या टोकाने कुलपाचा भाग फिरवून चोरल्या गेल्या आणि त्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरल्या. त्याच कंपन्यांच्या इमोबिलायझर असलेल्या मोटारींवर ही युक्ती चालत नव्हती.

बदलता संकेत

बटण दाबल्यावर दर वेळी तोच संकेत गेला असता, तर कोणीही तो ध्वनिमुद्रित गाण्यासारखा टिपून पुन्हा वाजवू शकला असता. म्हणून प्रत्येक दाबणीबरोबर संकेत बदलतो. किल्ली व मोटार दोघींकडे एक गणक आणि एक गुप्त अंक असतो आणि मोटार अपेक्षित क्रमातील संकेतच स्वीकारते. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात विकसित झालेली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप या कंपनीने विकत घेतलेली कीलॉक ही या पद्धतीची सर्वांत परिचित प्रणाली होय.

किल्ली मोटारीपासून दूर असताना लहान मूल तिच्याशी खेळले, तरी गणक काही पावले पुढे सरकतो. कीलॉकमध्ये सोळा पावलांपर्यंतचा फरक मोटार सहज सहन करते. त्याहून अधिक झाल्यास लागोपाठ दोनदा बटण दाबल्यावर ती पुन्हा जुळवून घेते. त्यामुळे ‘मुलाने बटणे दाबली आणि किल्ली कायमची बाद झाली’ ही समजूत बहुतेक वेळा निराधार असते.

बिघाड व दुरुस्ती

किल्ली बंद पडण्याचे सर्वांत सामान्य कारण नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची लिथियम बॅटरी संपणे हे आहे. तिच्या नावातच तिचे माप असते. सीआर२०३२ म्हणजे वीस मिलिमीटर व्यासाची व ३.२ मिलिमीटर जाडीची, तर सीआर२०२५ त्याच व्यासाची पण २.५ मिलिमीटर जाडीची. दोन्ही जागेवर बसल्यासारख्या वाटतात, पण पातळ बॅटरीचा स्पर्श सुटतो. जुनी बॅटरी लहान मुलांच्या हाती लागू नये. ती गिळली गेल्यास दोन तासांच्या आत अन्ननलिका गंभीररीत्या भाजू शकते, त्यामुळे तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

बॅटरी संपली तरी मोटार अडून राहत नाही. स्मार्ट कीच्या कवचात एक छोटे पाते दडवलेले असते. त्याने चालकाचे दार उघडते. मग किल्ली सुरुवातीच्या बटणाला टेकवून किंवा निर्मात्याने नेमून दिलेल्या जागी ठेवून इंजिन सुरू करता येते, कारण ट्रान्सपाँडर बॅटरीवाचून चालतो. काही मोटारींत दाराच्या मुठीवरील कुलपाचे छिद्र झाकणाखाली असते, त्यामुळे ते नाहीच असा मालकाचा समज होतो.

रबरी बटणे फाटणे, त्यांखालचे सूक्ष्म स्विच झिजणे आणि पावसाळ्यात किंवा कपड्यांबरोबर धुतली गेल्याने मंडलावर गंज चढणे, हे बिघाडही वारंवार आढळतात. भिजलेल्या किल्लीतील बॅटरी लगेच काढावी. ओल्या मंडलातून वाहणारा प्रवाह गंजाचा वेग वाढवतो. केवळ कवच तुटले असल्यास बाजारात रिकामे कवच मिळते, पण येथे एक धोका आहे. पुष्कळ किल्ल्यांत ट्रान्सपाँडर मंडलावर नसून जुन्या कवचाच्या खाचेत काळ्या तुकड्याच्या किंवा काचेच्या नळीच्या रूपात वेगळा बसवलेला असतो. जुन्या कवचाबरोबर तो कचऱ्यात गेला की नवी दिसणारी किल्ली दार उघडते, पण मोटार चालू करत नाही.

किल्ली हरवल्यास

दोनांपैकी एक किल्ली हरवणे आणि सर्व किल्ल्या हरवणे यांत मोठे अंतर आहे. एक किल्ली शिल्लक असताना काही मोटारींत ठरावीक क्रमाने किल्ली फिरवून नवी नोंदवता येते. इतर मोटारींत निदानयंत्र सुकाणूखालच्या सोळा टाचण्यांच्या जोडणीला लावून ते काम होते. एकही किल्ली नसेल, तर मोटार ओढून न्यावी लागते किंवा तंत्रज्ञाला जागेवर यावे लागते, इमोबिलायझरचा गुप्त क्रमांक मिळवावा लागतो आणि कधी कधी नियंत्रकच बदलावा लागतो. दुसरी किल्ली असताना तिसरी करून ठेवणे म्हणूनच स्वस्त पडते.

नवी मोटार घेताना किल्ल्यांच्या जुडग्याला क्रमांक कोरलेली छोटी पट्टी अनेकदा लावलेली असते. त्या क्रमांकावरून धातूचे पाते कापता येते. ही पट्टी जुडग्यातून काढून घरी ठेवायची असते, पण बहुतेक जण ती किल्लीबरोबरच वागवतात आणि किल्लीबरोबरच हरवतात.

भारतात अधिकृत सेवा केंद्र नव्या किल्लीसाठी सामान्यतः नोंदणी प्रमाणपत्र व मालकाचे ओळखपत्र मागते. हरवल्याची पोलिसांकडील नोंदही अनेकदा मागितली जाते. ही नोंद केवळ औपचारिक नसते. मोटारचोरीचा दावा करताना विमा कंपन्या सहसा सर्व मूळ किल्ल्या मागतात आणि एखादी कमी असल्यास चोरीबद्दलच शंका घेतली जाऊ शकते. किल्ली बदलण्याच्या खर्चासाठी मोटारविम्याला पूरक संरक्षणही जोडता येते. नवी किल्ली नोंदवताना हरवलेली किल्ली नियंत्रकाच्या स्मृतीतून पुसून घेणे आवश्यक असते, अन्यथा ती सापडणाऱ्यास मोटार खुली राहते. मात्र पुसलेल्या किल्लीचे धातूचे पाते त्यानंतरही दाराचे कुलूप उघडू शकते.

वापरलेल्या किल्ल्या बाजारात स्वस्त मिळतात, पण अनेक बनावटींची किल्ली एका मोटारीशी जोडली गेली की दुसरीसाठी बंद होते. रस्त्याकडेचा किल्लीवाला पाते उत्तम कापून देतो. ट्रान्सपाँडरची नक्कल करणारी यंत्रेही आता अनेक कारागिरांकडे आहेत, पण सांकेतिकरण भक्कम असलेल्या चिपांसमोर ती निरुपयोगी ठरतात.

माहितीवरील हक्काचा वाद

किल्लीचे संकेत केवळ निर्मात्याकडे राहिल्यास चोरी अवघड होते, पण मालकही त्याच्याच दरांना बांधला जातो. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये केलेल्या कायद्याने नोंदणीकृत कुलूपतज्ज्ञांना ही माहिती रात्रंदिवस उपलब्ध करून देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमावलीने स्वतंत्र दुरुस्तीकारांना दुरुस्तीविषयक माहिती मिळवण्याचा हक्क दिला.

सुरक्षेतील त्रुटी

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्‌सच्या ट्रान्सपाँडरमधील चाळीस बिटांची गुप्त किल्ली २००५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी शोधून काढली. मेगॅमॉस या प्रणालीवरील संशोधन फोक्सवॅगनच्या मागणीवरून ब्रिटिश न्यायालयाने २०१३ मध्ये रोखले; ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मार्ट कीबाबत संकेत फोडण्याची गरजच उरत नाही. घरातील किल्ली व दाराबाहेरील मोटार यांच्यामधील संदेश दोन साधनांनी पुढे पोहोचवला की मोटारीला किल्ली जवळच आहे असे वाटते. झुरिक येथील तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा मोटारी अशा प्रकारे उघडून दाखवल्या. धातूच्या डब्यात किंवा संदेशरोधक पिशवीत किल्ली ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे. डब्याचे झाकण घट्ट बसते की नाही, हे मोटारीजवळ जाऊन तपासता येते.

मोबाइल फोनमधील किल्ली

टेस्लाच्या मॉडेल ३ या मोटारीत फोन हीच मुख्य किल्ली ठरली. ॲपलने २०२० मध्ये बीएमडब्ल्यूबरोबर अशी सोय जाहीर केली. हरवलेल्या फोनमधील किल्ली दुरून रद्द करता येते. फोनची बॅटरी संपण्याची शक्यता लक्षात घेऊन टेस्ला पाकिटात मावणारे कार्डही देते.