हॅटपासून मुखवट्यापर्यंत : नाटकाची घरी नेलेली आठवण

मंडळी, नाटक संपल्यावर प्रेक्षक हातात काय घेऊन घरी जातो, ते आज पाहू. विषय किरकोळ वाटेल. पण त्या वस्तूचं रूप कोण ठरवतं आणि तिचा पैसा कोणाकडे जातो, हे विचारलं की नाट्यव्यवसायच बदललेला दिसतो.

सुरुवात एका हॅटपासून करू. फ्रान्झ लेहार यांचा ‘द मेरी विडो’ हा ऑपेरेटा ३० डिसेंबर १९०५ रोजी व्हिएन्नात रंगमंचावर आला. जून १९०७ मध्ये तो इंग्रजीत लंडनच्या डेलीज थिएटरमध्ये सुरू झाला. नायिका लिली एल्सी. तिचे पोशाख ‘ल्युसील’ या नावाने दुकान चालवणाऱ्या लेडी डफ गॉर्डन यांनी केले होते. (याच बाई पुढे ‘टायटॅनिक’मधून वाचल्या.) त्या पोशाखातली रुंद काठांची भलीमोठी हॅट बायकांनी इतकी उचलून धरली की तिला नाटकाचंच नाव पडलं. तिची टर उडवणारी पोस्टकार्डंसुद्धा छापली गेली.

अमेरिकेत तेव्हा ठरावीक प्रयोगांना प्रेक्षकांना भेटवस्तू वाटायची पद्धत होती. जून १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू ॲम्स्टरडॅम थिएटरमध्ये २७५व्या प्रयोगाला स्त्री-प्रेक्षकांना हीच हॅट भेट द्यायचं ठरलं. मग काय, अशी रेटारेटी झाली की वर्तमानपत्रात बातमी आली! मात्र हॅटचा आकार कुणालाही उचलता येत होता. टोपीवाला बघायचा, तशीच करायचा आणि विकायचा. नाटकाचं नाव लावून कॉर्सेट निघाले, सिगार निघाले.

आपल्याकडे साधारण याच काळात काय होतं? १९११ साली किर्लोस्कर मंडळीचं ‘मानापमान’ आलं आणि बालगंधर्वांची भामिनी लोकांनी पाहिली. त्यांच्या भूमिकांतलं लुगडं नेसणं, केसांची ठेवण, दागिने यांचं अनुकरण घरंदाज बायका करू लागल्या, हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. नाटक कंपन्या थिएटरात विकत ती पदांची पुस्तकं. लुगडं मात्र दुकानातून यायचं. लंडन काय आणि पुणे-मुंबई काय, आठवण टांगलेली होती ती रंगमंचावरच्या माणसाच्या अंगावर.

आता सात दशकं ओलांडून पुन्हा लंडनला जाऊ. ११ मे १९८१ रोजी ‘कॅट्स’ सुरू झालं. काळ्या पार्श्वभूमीवर दोन पिवळे डोळे, आणि बाहुल्यांच्या जागी नाचणाऱ्या आकृत्या. बस्स. नटाचा चेहरा नाही. यामागचा व्यवहार साधा आहे. ‘कॅट्स’ लंडनमध्ये २१ वर्षं चाललं. एवढ्या काळात नटसंच कितीदा तरी बदलतो. नटाचा फोटो छापलेला टी-शर्ट तो नट गेला की पडून राहतो. डोळे मात्र राजीनामा देत नाहीत! शिवाय दोन रंगांत काम भागतं, मगवर आणि किल्लीच्या साखळीवरही ते ओळखू येतात, आणि ते चिन्ह निर्मात्याच्या मालकीचं असतं. हॅटसारखं ते कुणी उचलू शकत नाही.

१९८५ साली लंडनमध्ये आलेल्या ‘ले मिझराब्ल’चं उदाहरण आम्हांला जास्त बोलकं वाटतं. एमिल बेयार यांनी ह्यूगोच्या कादंबरीसाठी काढलेल्या चित्रात छोटी कोझेत स्वतःपेक्षा उंच झाडू घेऊन झाडते आहे. पोस्टरसाठी घेतला तो तिचा चेहरा. झाडू गेला, अंगण गेलं. म्हणजे तिचे कष्टच कातरीखाली गेले, आणि उरलेलं चित्र मगवर नेमकं बसलं. गंमत म्हणजे ही छोटी कोझेत प्रयोगात जेमतेम काही मिनिटं दिसते.

आणि ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’, ऑक्टोबर १९८६. पोस्टरवर पूर्ण चेहऱ्याचा पांढरा मुखवटा आहे, कारण ते झालं तेव्हा नाटकातही तसाच मुखवटा ठरला होता. पण तोंड झाकलेल्या नटाने गायचं कसं? नेपथ्य आणि वेशभूषा करणाऱ्या मारिया ब्योर्नसन यांनी तो अर्ध्या चेहऱ्याचा केला. पोस्टर तसंच राहिलं. तेव्हापासून मध्यंतरात लोक रांग लावून जो मुखवटा विकत घेतात, तो त्या संध्याकाळी रंगमंचावर नसतोच.

स्मरणिका आणि कार्यक्रमपत्रिका राहिल्या. त्या पुढच्या वेळी. आता प्रश्न घेऊ.