पाच वर्षांची सवड

डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढलं, आणि राहुरीकडच्या आमच्या घरातलं पहिलं माणूस कॉलेजात गेलं. ते आमचे आजोबा. पहिल्या तुकडीतले की दुसऱ्या, यावर त्यांचं नि आजीचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पत्र्याच्या ट्रंकेत दोन सदरे, बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पणजीनं फडक्यात गुंडाळून दिलेलं पवित्र शास्त्र. ते फडकं पहिले कित्येक महिने सुटलंच नाही, असं आजोबा सांगत.

सोडवलं ते खोलीतल्या सोबत्यानं. पैठणकडचा वारकरी पोरगा, गळ्यात माळ, एकादशीला उपास. दोघंही रात्री गात. याचे तुकोबा, त्यांचे रेव्हरंड टिळक. टिळक स्वतःच म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती! पण त्या पोरानं एकदा सरळ विचारलं, "तुझ्या येशूनं नेमकं केलं काय, ते सांग की." आजोबांना सांगता येईना. शब्बाथशाळेतली पाठ वचनं तेवढी आठवली. त्या रात्री कंदील जवळ ओढून त्यांनी लूककृत शुभवर्तमान पहिल्यापासून वाचायला घेतलं, बापाच्या धाकाविना पहिल्यांदाच.

माझ्या वेळी पुण्यात तसा सोबती भेटला नाही. जीवशास्त्राचा तास झाला की उत्पत्तीचा पहिला अध्याय डोक्यात खुपायचा आणि प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नसत. नाताळात घरी गेले, आजीबरोबर करंज्या भरत होते, तेव्हा ते बोलून टाकलं. आजी गप्प झाली. आजोबांनी मात्र लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट काढली. आमच्या पणजोबांनी टिळकांचं कीर्तन ऐकलं होतं म्हणे, राहुरीत की नगरात कोण जाणे, त्यामुळे घरात टिळक नात्यातल्यासारखेच. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळत. एकेक गोष्ट स्वतःला पटेल तशी सुटत गेली, आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली.

"टिळकांसारखा नवरा असून त्या बाईला पाच वर्षं लागली. तुला कसली घाई गं?" आजोबा म्हणाले. "शंका घेऊनच देवळात बस. फक्त वाचायचं सोडू नकोस."

मी सोडलं नाही. शब्द परत आले, पण सावकाश.

तुमचं पोर यंदा हॉस्टेलवर निघालं असेल, तर दर रविवारी फोनवर "देवळात गेलास का" एवढंच विचारू नका. काय वाचतोयस, काय पटत नाहीये, तेही विचारा. आणि त्याला सवड द्या.